पहिल्या हाकेला

माझी मुलगी आपणहून पिक्चरची तिकिटं काढते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. अनुभवाचे बोल आहेत. मागे एकदा अशीच लाडीगोडी करून मला नाटकाला घेऊन गेली आणि येताना रिक्षात हळूच म्हणाली, "आई, मी लग्न ठरवलंय." नाटक कशावर होतं ते मला आजही आठवत नाही.

या खेपेला म्हणाली, "फॅमिली पिक्चर आहे. भविष्यकाळातला. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना आवडतोय."

"म्हातारं कोण?" मी विचारलं.

"अगं, पप्पा," ती म्हणाली.

मला वास आलाच. माझ्या घशाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, गाठ साधी दिसतेय पण जागा वाईट आहे; आवाज राहील, घोगरा होईल किंवा जाईल, आत गेल्याशिवाय काही सांगता येत नाही. जिवाला धोका नाही, असं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं, जणू बाकी सगळं किरकोळच. अशा आठवड्यात सगळं घर उठून पिक्चरला निघतं, आणि तेही मला न विचारता, तर माणसानं काय समजायचं?

माझा आवाज म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच बाऊ करतेय. मी नाशिकच्या एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारायचे. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं तेच केलं. केबिनच्या खिडकीतून फलाट दिसायचे, आणि मी नुसतं बोलत नसे, बघून बोलायचे. वणीची गाडी लागली की यात्रेकरू नारळाच्या पिशव्या घेऊन दारावर तुटून पडत. मी म्हणे, "दादा, लेकरू चेंगरतंय, आधी उतरू द्या." विंचूरची गाडी सुटायला आली आणि कोणी बोचकं सावरत पळत येताना दिसलं, तर मी कंडक्टरला माईकवरूनच सांगे, "घंटी मारू नका, मावशी येतायत." अख्खं स्टँड त्या मावशीकडे बघायचं. मावशी लाजायची, पण गाडी मिळायची.

आणि घरी? घरी माझ्या आवाजावर एक माणूस जगतो. आमचे हे सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर होते. त्या धडधडीत यांचे कान गेले, एक पुरता आणि दुसरा बराचसा. कानाचं मशीन आणून दिलंय, ते शोकेसमध्ये आहे. "मला ऐकू येतं," असं यांचं म्हणणं. यांना ऐकू येतं ते माझं. मुलीचं येत नाही, शेजाऱ्यांचं येत नाही, टीव्हीवर नुसती तोंडं हलताना बघतात. माझा आवाज मात्र त्या उरलेल्या कानात बरोबर शिरतो. बाहेरच्या जगात काय चाललंय ते मी पुकारते आणि हे ऐकतात. आवाज गेला तर आमच्या घरातलं बोलणंच संपणार होतं. हे मला कळत होतं, यांना कळत होतं आणि आम्ही दोघंही त्यावर एक अक्षर बोलत नव्हतो.

तर पिक्चर. इंग्रजी होता, हिंदीत बोलत होता. नात माझ्या आणि यांच्या मधे बसली. थिएटरातला आवाज असला की छप्पर उडेल. त्यामुळे यांना सगळं ऐकू आलं आणि स्वारी खूश झाली. गोष्ट अशी, की पुढच्या कुठल्यातरी काळात एक बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा काचेच्या घरात राहतात. कुत्रा खरा आहे की बनवलेला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आई वारलेली. पण घरच बोलतं, आणि बोलतं ते त्या आईच्या आवाजात. दिवे लावतं, पोरांना उठवतं, जेवण भिंतीतून बाहेर काढून देतं.

मला पहिल्यापासूनच पटेना. एवढं मोठं घर आणि झाडलोट करताना कोणी दिसत नाही. आई वारली तर मावशी कुठे आहे, आत्या कुठे आहे? सुतकाला तरी कोणी आलं होतं की नाही? भिंतीतून वाटी बाहेर येते, तिच्यात हिरवट खळ. कांदा नाही, लसूण नाही. असला भविष्यकाळ मला कोणी फुकट दिला तरी नको. आणि त्या घराचा आवाज! कधी खाकरत नाही, कधी दमत नाही, एकदाही चिडत नाही. दोन पोरांची आई आणि चिडत नाही? मी नातीवरून वाकून यांच्या कानाशी लागून म्हटलं, "ही आई नव्हे, हे स्टँडचं मशीन आहे."

हे का म्हटलं, तेही सांगते. स्टँडवर कॉम्प्युटर आला तेव्हा मला एका खोलीत बसवून एकेक शब्द बोलवून घेतले होते. गावांची नावं वेगळी, फलाटांचे आकडे वेगळे, 'सुटत आहे' वेगळं. हेडफोन लावलेला माणूस सारखा म्हणायचा, "बाई, सपाट बोला. चढ नको, उतार नको." कारण माझं एकच 'मालेगाव' त्यांना कुठल्याही वाक्यात बसवायचं होतं. मी बोलले सपाट. मग माझं माईकवरचं काम संपलं आणि मला पासच्या खिडकीत बसवलं. तिथे बसून मी दिवसभर माझाच आवाज ऐकायचे. एकदा एक बाई वणीच्या गाडीमागे धावत होती. वरून माझाच आवाज थंडपणे म्हणत होता, वणीकडे जाणारी गाडी सुटत आहे. गाडी सुटली. बाईनं वर कर्ण्याकडे बघितलं आणि अशी शिवी हासडली मला! आणि मी खाली पास देत बसलेली. माझ्या आवाजानं मीच शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून बोलणाऱ्या यंत्रावर माझा काडीचाही विश्वास नाही.

आता खरं तेही सांगायला पाहिजे. मी रडले. मधे एक जागा अशी येते, की धाकटी पोरगी वाळूच्या वादळात हरवते. तिच्याकडे त्या घराचा एक डबीएवढा तुकडा असतो, आणि अंधारात ती डबी आईच्या आवाजात विचारते, "पाय गार पडलेत का गं?" बस. एवढंच विचारते. माझ्या डोळ्यांना धार लागली. पदरानं पुसताना सहज बाजूला बघितलं, तर माझी मुलगी पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. परीक्षेचा निकाल बघावा तशी.

मी तिथल्या तिथे डोळे कोरडे केले. म्हटलं, अस्सं! हे आहे होय!

शेवट तर मला मुळीच आवडला नाही. एवढं वादळ, एवढी धावपळ, आणि शेवटी ती पोरगी हसत हसत डबीला "बाय मम्मा" म्हणते आणि बटण बंद करून टाकते. मग सगळे नाचतात. कुत्रासुद्धा. बंदच करायचं होतं तर एवढा जीव कशाला काढला आमचा? मी तणतणतच बाहेर पडले. हे मात्र म्हणाले, "छान होता." या माणसाला आवाज मोठा असला की सगळंच छान वाटतं.

तिथून मिसळ खायला. आता माझं तिखट बंद आहे हे काय हिला माहीत नव्हतं? सगळ्यांच्या पुढे लालभडक रस्सा आणि पापड, आणि माझ्यापुढे दही आणि जिलबी. जिलबी खाणारीवर डाव टाकायचा असतो, हे मला कळायला हवं होतं.

"आई," मुलगी म्हणाली, "तसं खरंच करता येतं आता. तू थोडं बोलायचंस, आम्ही फोनवर रेकॉर्ड करायचं. पुढे कधी गरज पडलीच, तर तू टाइप केलंस की फोन तुझ्याच आवाजात बोलेल."

"म्हणजे मला भिंतीत घालणार तुम्ही."

"आई!"

"मी एकदा दिलाय आवाज काढून. त्या पोरीनं शेवटी बटण बंद केलं, बघितलंस ना? तसं करणार. वर नाचणार."

नात खो खो हसली. मुलगी हसली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण मागे हटायचा माझा स्वभाव नाही. हे सगळं जावयाच्या डोक्यातलं, असं मी मनात ठरवून टाकलं. तो कॉम्प्युटरच्या लायनीतला. हे शेजारी बसून पाव मोडत होते. मुलीचं बोलणं ऐकू आलं नसणार, असं मी धरून चालले.

शेवटी नातीसाठी कबूल झाले. "आजी, प्लीज" म्हटल्यावर दगडालाही पाझर फुटतो. तिनं जेवणाच्या टेबलावर फोन वाटीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "बोल, काहीही बोल."

मी घसा साफ केला आणि बोलले, "चहा तयार आहे. सर्वांनी स्वयंपाकघरात यावे."

नात टेबलाखाली पडायची राहिली. मुलगी म्हणाली, "आई, घरातल्यासारखं बोल ना."

"माईक समोर ठेवून घरातल्यासारखं कसं बोलणार? तू बोलून दाखव."

खरंच जमेना. फोन दिसला की माझा आवाज आपोआप इस्त्री केल्यासारखा व्हायचा. त्या खोलीतल्या माणसानं सपाट बोलायला शिकवलं ते हाडीमाशी भिनलेलं. तरी रोज बसले. बोलताना दुखायचं, मधेच आवाज फाटायचा. बुद्धविहारात संध्याकाळी वंदना मीच सांगते, तीही फोनवर सांगून टाकली. मग एके दुपारी नात पळत आली, "आजी, तयार झालं! आता मी लिहिते, तू ऐक."

हे खुर्चीत पेपर वाचत होते. पोरीनं फोन यांच्या चांगल्या कानाशी धरला आणि आवाज पूर्ण मोठा केला. फोननं माझ्या आवाजात यांचं नाव घेतलं आणि म्हणाला, चहा घे.

तुम्ही हसाल. पण मी लग्नात उखाण्यात एकदा आणि हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवलं तेव्हा दोनचारदा, एवढं सोडलं तर यांचं नाव कधी उच्चारलेलं नाही. हॉस्पिटलात फॉर्म भरतानासुद्धा आधार कार्ड पुढे करते. पोरीला काय माहीत? तिची मम्मी तिच्या पप्पांना नावानं हाक मारते, अरे-तुरे करते. पिक्चरमध्येही ती भिंत नवऱ्याला नावानंच बोलवत होती.

यांनी पेपर खाली केला आणि दाराकडे बघितलं. "कोण आलंय?"

"कोणी नाही आजोबा, ही आजी आहे!" नात फोन दाखवत यांच्या कानाशी ओरडली.

"आजी कुठली?" हे म्हणाले. "मला वाटलं आक्का आली." आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. तीच यांना नावानं हाक मारायची, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली. मग फोनकडे बघून यांनी मान हलवली. "ही नव्हे. हिनं मला कधी नावानं हाक मारलीय?"

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! "बघा!" मी म्हटलं. "पकडलं की नाही? माझा नवरा बहिरा आहे, पण त्यालासुद्धा कळलं. काढा ते खूळ फोनमधून!"

"काढू नका," हे म्हणाले. "त्यात 'अहो' घाला."

मी मुलीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "आई, तिकिटं काढायला पप्पांनीच सांगितलं होतं. रेकॉर्डिंगचंही त्यांनीच मोबाईलवर कुठेतरी बघितलं. म्हणाले, आधी पिक्चर दाखव, मग ती ऐकेल."

म्हणजे इतके दिवस मी मुलीवर डोळा ठेवून होते, जावयाला मनातल्या मनात बोल लावत होते, आणि चोर माझ्याच पंगतीला पाव मोडत बसला होता.

"मला सरळ विचारायला काय झालं होतं?" मी ओरडले.

"तू ओरडली असतीस."

"मग ओरडू द्यायचं! अजून येतंय मला ओरडता!"

ते यांना ऐकू गेलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं मला ऐकू येत नाही गं. तुझं गेलं तर मग मी काय ऐकू?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. मी पोरीसमोर रडले. राग होताच, आणि तो जात नव्हता, आणि तरी रडत होते.

मग 'अहो' सुरू झालं. तुम्ही म्हणाल, दोन अक्षरं, त्यात काय? करून बघा. चहा झाला तो 'अहो' वेगळा. पाहुणे आलेत, बनियनवर बाहेर येऊ नका, तो वेगळा. भाजी घेताना भैया फसवतोय, तो आणखी वेगळा. फोनसमोर मी म्हणे ते सगळे स्टँडवरचे. "अहो फलाट क्रमांक तीन," नात चिडवायची. मी वैतागून म्हटलं, "राहू दे, नाही जमत," आणि उठले. तेवढ्यात खिडकीबाहेर धो धो पाणी. यांनी टाकीची मोटार लावली होती आणि नेहमीप्रमाणे विसरून गॅलरीत जाऊन बसले होते.

"अहो! टाकी वाहतेय! मोटार बंद करा!"

हूं नाही की चूं नाही. हे पहिल्या हाकेला कधी येत नाहीत. मला ऐकू येतं म्हणणारा माणूस, पण माझ्याही पहिल्या हाकेला नाही; तिसऱ्या हाकेला उठायचं, हा यांचा नियम. तिसऱ्यांदा गळा फाडला तेव्हा कुठे "काय गं?" म्हणत उठले. मी परत येऊन बघते तर नातीनं फोन चालूच ठेवला होता. तिन्ही हाका त्यात.

ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. पहिले काही दिवस बोलायचंच नाही, अशी सक्त ताकीद होती. मी टाळी वाजवून यांना बोलवायचे. मग बोलायला परवानगी मिळाली आणि घशातून आवाज आला, पण तो माझा नव्हता. पत्र्यावर वाळू घासावी तसा. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, धीर धरा. विहारात आता दुसरी बाई वंदना सांगते, मी ओठ हलवते. घरात यांना माझं बोलणं कळत नाही. तोंडाकडे बघतात आणि भलत्यालाच "हो हो" म्हणतात. शोकेसमधलं मशीन काढून दिलं, तर त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून परत ठेवून दिलं. मी टाइप करून फोनला बोलायला लावते कधीकधी, पण तो माझ्या सपाट आवाजात बोलतो आणि हे उठत नाहीत. चला, तेवढी तरी माझी इज्जत राहिली, असं मला वाटायचं.

परवा संध्याकाळी चहा टाकला आणि यांना बोलवायला गॅलरीकडे गेले. हे पाठमोरे बसले होते, फोन कानाला लावून. मला वाटलं मुलीशी बोलतायत, म्हणून दारातच थांबले.

फोनमधून माझा आवाज आला. माझा जुना, चांगला, खणखणीत; नातीनं कधीतरी यांच्या फोनवर घालून दिलेला. "अहो! टाकी वाहतेय! मोटार बंद करा!"

हे हळूच म्हणाले, "हं, आलो."

बोटानं पुन्हा दाबलं. अहो, टाकी वाहतेय. "हं, आलो." पुन्हा दाबलं. "आलो गं, आलो."

मी दारात उभी. अहो, मी जितीजागती इथे उभी आहे! माझ्या पहिल्या हाकेला जो माणूस कधी उठला नाही, तो त्या डबीला पहिल्याच हाकेला ओ देतोय. मला एवढा मत्सर वाटला की सांगायची सोय नाही, आणि एवढी माया आली की तीही सांगायची सोय नाही. त्या पिक्चरमधली पोरगी बटण बंद करून नाचली होती. यांच्या हातून ते बटण बंद होणार नव्हतं, आणि माझी बंद करायला लावायची छातीही होत नव्हती.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. ओट्यापाशी आले, चहा गाळला. मग घशात होता नव्हता तेवढा जोर लावला आणि म्हटलं, "अहो." कसलं काय, खरखर नुसती. माझं मलाच धड ऐकू आलं नाही.

गॅलरीतून आवाज आला, "हं, आलो."

हे आले, खुर्ची ओढून बसले, चहाचा कप जवळ घेतला. फोन शर्टाच्या खिशात होता. तो "आलो" माझ्या हाकेला होता की फोनच्या, ते मी अजून विचारलेलं नाही.